चार हिरवे दिवे

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. म्हाताऱ्याने दुसऱ्या घंटीलाच उचलला. पलीकडून एका बाईने विचारले, "केस कापायला आज आणू का? चावतो हां, आधीच सांगते."

"कोण चावतो?"

"आमचा कुत्रा."

अकरापर्यंत असे आणखी दोन फोन आले. एक नखांसाठी, एक पिसवांसाठी. तिसऱ्या गिऱ्हाइकाला त्याने विचारले, नंबर कुठला लावलात? ऐकलेला नंबर त्याचा नव्हता. फोन मात्र त्याच्याच हातात होता.

एरवी हा फोन आठवड्यात एकदा वाजला तर वाजायचा. म्हातारा एकाच कॉलची वाट पाहत होता. त्याची दोन्ही बुबुळे दुधाळ झाली होती आणि दवाखान्याच्या यादीत त्याचे नाव चौदा महिन्यांनी पहिले आले होते. दान केलेले बुबुळ मिळाले की दवाखाना फोन करणार, दोन तासांत हजर व्हायचे, नाहीतर ते पुढच्याला. सुनेने स्वतःचा मोबाइल नंबर देऊ केला होता. "मोबाइल म्हणजे खिशातला खुळखुळा," असे म्हणून त्याने घरचाच लिहायला लावला.

चाळीस वर्षे त्याने छापखान्यात प्रुफे तपासली होती. त्याच्या लेखी माणसे दोनच प्रकारची: ताडून पाहणारी आणि न पाहता सही ठोकणारी. दुसऱ्या प्रकाराला तो माणसांत धरत नसे. काल दुपारी बॉक्स बदलायला आलेल्या इंटरनेट कंपनीच्या तंत्रज्ञाला त्याने पहिल्या दोन वाक्यांतच त्या प्रकारात टाकले होते.

"सेटिंग कोण करणार?" त्याने विचारले होते.

"काका, ते दिवस गेले. बॉक्स चालू झाला की वर कंपनीला स्वतःचा नंबर सांगतो. त्या नंबरावर जे लिहिलेलं असेल ते आपोआप खाली उतरतं. वेग, पासवर्ड, तुमचा फोन, सगळं. आपण फक्त चार हिरवे दिवे मोजायचे."

"आणि वर चुकीचं लिहिलेलं असेल तर?"

"चुकीचं कशाला असेल? मशीन आहे ते." मग रिसीव्हर त्याच्या कानाला लावून, "टोन आहे ना? करा सही."

आता सुनेने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पाऊण गाणे वाजल्यावर एक मधाळ आवाज म्हणाला, "सर, तुमचा बॉक्स चालू आहे. आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय."

"मला हिरवं दिसत नाही, पिवळंही नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या फोनवर कुत्री येताहेत."

"फोन येतात म्हणजे लाइन चालू आहे, सर. चालू लाइनची तक्रार घेता येत नाही."

त्याने हात हलवून कॉल बंद करायला सांगितला. असल्यांशी भांडणेसुद्धा त्याला कमीपणाचे वाटे.

"बॉक्स उलटा कर," तो सुनेला म्हणाला. "खालच्या चिठ्ठीवरचा नंबर वाच. मग कालची पावती आण आणि तिच्यावरचा वाच. एकेक अक्षर."

तिने वाचले. शेवटची चार अक्षरे जुळेनात.

"आणि खाली सही कुणाची?"

"तुमची, बाबा."

"वाचता येते?"

"सही अगदी टापटीप आहे."

दिसत नाही हे त्या फडतूस पोराला कळू नये म्हणून सही करताना म्हाताऱ्याने सुनेला आतून बोलावले नव्हते, एवढेच.

पावतीवर तंत्रज्ञाचा नंबर होता. तो गाडी चालवता चालवता बोलला. "त्याचं काय आहे ताई, दिवसभराचे बॉक्स मी सकाळी गाडीतच स्कॅन करून टाकतो. घरोघरी करत बसलं तर चार घरं कमी होतात. दोन बॉक्सांची अदलाबदल झाली असणार. वर कळवतो, बसल्या जागी सुधारतील."

"कधी?"

"ते आपोआप होतं."

मग सुनेने घरचाच नंबर लावला. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईने उचलला. "अहो, दहा वाजताच दवाखान्याचा फोन, मग पुन्हा एकदा. कुणाचं तरी बुबुळ म्हणे. मी म्हटलं, इथे फक्त कुत्री असतात."

"ते आमचं होतं," सून म्हणाली. "पुन्हा आला तर एवढं करा, बाबांचं नाव घेतलं की हो म्हणा. निघालेत म्हणावं."

"म्हणते की. माझी गिऱ्हाइकं तेवढी इकडे पाठवा."

अकरा पंचवीसला दोघे निघाले. दाराला कुलूप लावताना आत बॉक्स कसे दिवे दाखवतो आहे, हे पाहायला कुणी थांबले नाही.

अकरा बावन्नला ते दवाखान्याच्या खिडकीशी पोचले. बाकावर एक माणूस मांडीवर फाइल घेऊन बसला होता, यादीतला दुसरा. कारकून बाईंनी म्हाताऱ्याचे ओळखपत्र पाहिले, चेहरा पाहिला, मग संगणक पाहिला.

"तुमच्यापुढे 'संपर्क झाला नाही' असं आलंय. फाइल उघडतच नाही."

"मी तुमच्यापुढे उभा आहे."

"ते मला दिसतंय, आजोबा. सिस्टिमला नाही दिसत. नोंदवलेल्या नंबरावर कुणीतरी उचलून हो म्हणायला हवं. मग आपोआप उघडते."

"माझा मोबाइल घ्या ना," सून म्हणाली.

"नंबर बदलायचा अर्ज वेगळा. त्याला दोन दिवस."

म्हाताऱ्याने मान वळवून सुनेकडे पाहिले, म्हणजे ती जिथे असावी तिकडे. "घरी कुणी आहे?"

"कोण असणार, बाबा?"

दोघांच्याही एकदमच ध्यानात आले. कंपनीने काही केले नसेल, तर फोन कुत्रेवालीकडे वाजेल आणि ती हो म्हणेल. चूक सुधारली असेल, तर कुलपामागे वाजेल. कंपनीने नेहमीसारखी हयगय केलेली असावी, अशी इच्छा म्हाताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाली आणि त्या इच्छेचीच त्याला किळस आली.

बाईंनी नंबर फिरवला, स्पीकर लावला. बाकावरच्या माणसाने फाइल मिटून घड्याळ पाहिले. दोन तास संपायला, म्हणजे बाराला, दोन मिनिटे कमी होती. तिसरी घंटी झाली, चौथी वाजू लागली. अजून कुणी उचलला नव्हता.