मधली कडवी

वेदीमागच्या खोलीच्या छताला दोन डाग. एक जुना, एक नवा.

आठवीच्या वर्गातला प्रश्न : पावाचं पीठ का फुगतं?

तोफखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस, बाकाखाली पालथा.

पडद्यावर कुठल्याही गीताची तीनच कडवी.

मेणाची अर्धी वडी. द्राक्षांचे दोन रिकामे क्रेट. खुंटीवरचा पांढरा झगा, ड्रायक्लीनवाल्याने हात जोडून परत केलेला.

उज्वलाने वही पिशवीत टाकली, पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि हुक ओढून पाहिला. मग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

वही सासूबाईंची, नवसाबाईंची. निळ्या पुठ्ठ्याची, रसाच्या ओघळांनी कडा कडक झालेली. चर्चमध्ये प्रभुभोजनाला लागणारा द्राक्षरस चाळीस वर्षं त्यांच्या हातचा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं उतरली की पिंपळगावहून दोन क्रेट काळी द्राक्षं यायची, आणि वर्षभराच्या बाटल्या भरून, बुचांवर मेण ओतून वेदीमागच्या कपाटात उभ्या राहायच्या. चाळीस वर्षांत त्यांची एक बाटली बिघडली नाही, असं सगळं चर्च सांगे. त्या गेल्या तेव्हा वही उज्वलाच्या हातात देऊन गेल्या. वहीवर त्यांनी स्वतःचा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पहिलं वर्ष त्यांनीच भरून ठेवलेल्या बाटल्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षी उज्वलाने पदर खोचला. रस असा उतरला की संतोषने, तिच्या नवऱ्याने, बाटली उजेडात धरून म्हटलं होतं, आईच्या रसापेक्षा याचा रंग तेजदार आहे. त्या दिवशी उज्वलाने बाटल्या दोनदा पुसल्या.

मग आला पवित्र गुरुवार. संध्याकाळची उपासना, चर्च भरलेलं. पाळकसाहेब म्हणाले, आता आपण शांतपणे आपापली पापं प्रभूसमोर मांडू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. आणि वेदीमागच्या खोलीत पहिली बाटली फुटली.

दुसरी फुटेपर्यंत भिमाजीमामा बाकाखाली होते. देवळाली कॅम्पात तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी तिथूनच सगळ्यांना आडवं होण्याचा हुकूम दिला, आणि पुढच्या दोन रांगा खरोखर आडव्या झाल्या. तिसऱ्या बाटलीचं बूच छतावर आदळलं तेही सगळ्यांनी नीट ऐकलं. मग हळूहळू मंडळी खोलीच्या दाराशी जमली. कपाटाचं दार उघडं, पाळकसाहेबांच्या झग्यावर जांभळे शिंतोडे, आंबूस वास. छताच्या फळ्यांवर गळतीचा एक जुना डाग होता, ज्याच्यासाठी कमिटीने दोनदा कौलं बदलली होती. त्याच्या शेजारी आता ओला, ताजा, दुसरा.

कोणी रागावलं नाही. सगळे पोट धरून हसले. रागावले असते तर उज्वलाला सोसलं असतं.

त्यानंतर तिची जागा बदलली. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी पुढे बोलावलं की ती हळूच उठे, दाराशी चपला शोधे आणि निघे. पाळकसाहेबांना तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं. घरी प्रार्थनेला डोळे मिटले की तिला छत दिसे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पीठ का फुगतं, ताक का आंबतं, हा धडा तिने त्या वर्षी फळ्याकडे तोंड करून शिकवला. देवाचं म्हणावं असं एकच काम आयुष्यात तिच्या हाती आलं होतं, आणि ते हातात असतानाच फुटलं होतं. चर्चमध्ये आता मॉलमधून आणलेलं द्राक्षाचं सरबत देत. मुलांना ते फार आवडे.

पवित्र गुरुवार पुन्हा तीन आठवड्यांवर आला. यंदा रस कराल ना, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. आणि आज वही कुसाबाईंकडे टाकून मोकळं व्हायचं, असं ठरवून ती निघाली होती. कुसाबाई गल्लीतल्या सगळ्यात जुन्या. नवसाबाईंबरोबर तीस-पस्तीस वर्षं त्यांनी द्राक्षं निवडली होती.

कुसाबाई ओसरीवर मटार सोलत होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी.

"सलाम, मावशी."

"सलाम. चपला आत घेऊन ये. इथलं कुत्रं एकच पळवतं."

उज्वलाने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. यापुढे हे काम पाळकबाई दीपमालाताईंना द्यावं, त्यांच्या हाताला चव आहे, तुमच्या हातून वही गेली तर बरं दिसेल, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. कुसाबाईंनी वहीचा वास घेतला. मग म्हणाल्या की डोळ्याने तर दिसत नाही, पण काय देतोय ते तरी कळू दे, एकदा वाचून दाखव.

उज्वलाने वाचलं. द्राक्षं तीन पाण्यांनी धुणे. हाताने कुस्करणे. मलमलीतून दोनदा गाळणे. मंद आच. कडेला फेस आला की प्रभुभोजनाचे गीत धरणे. गीत संपले की पातेले उतरवणे.

"मग तू धरलंस का गीत?"

"धरलं. घरात थर्मामीटर होता, तोही लावला नाही. म्हटलं, देवाच्या कामात शंका नको. आईंनी लिहिलं तसं सगळं गीत म्हटलं."

"सगळं म्हंजी किती कडवी?"

"तीन."

कुसाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने उज्वलाकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मटार ठेवलेलं सुपडं पायरीवर कलंडलं.

"अगं पोरी, तीन कडव्यांत चहा बी होत नाय."

गीत अकरा कडव्यांचं होतं. सकाळी दहाला इंग्रजी उपासनेची मंडळी चर्चच्या दाराशी येऊन उभी राहू लागली, तेव्हा कमिटीने ठराव केला होता : पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं. पुढे पडदा आला, लॅपटॉप आला, गीतांची जाड पुस्तकं कपाटात गेली. उज्वला लग्न होऊन मनमाडहून आली ती या सगळ्यानंतर. मनमाडच्या चर्चमध्ये हे गीत नव्हतं, आणि सासूबाई रस करायच्या त्या वेळी ती शाळेत असे. सोळा वर्षं ती ते तीन कडव्यांचंच समजत होती.

मटार गोळा करता करता तिच्या मानेवरचं काहीतरी उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही.

"म्हणजे मी मूर्खच," ती म्हणाली.

"मूर्ख नाय. तुला कुणी पुरतं शिकवलं नाय." कुसाबाईंनी वही तिच्या पिशवीत परत कोंबली. "शनिवारी द्राक्षं आण. ढवळायचं तू. गळा माझा."

शनिवारी दुपारी उज्वलाच्या स्वयंपाकघरात कुसाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. संतोष मागच्या अंगणात बाटल्या उकळत होता. मोठ्या पातेल्यात काळपट लाल रस, मंद आच. कडेला पांढरी, बारीक फेसाची रेघ उमटली.

"धर," कुसाबाई म्हणाल्या.

पहिलं आणि दुसरं दोघींनी मिळून म्हटलं. त्यापुढे उज्वलाची जीभ सवयीने शेवटच्या कडव्यावर गेली. कुसाबाईंनी पाय आपटला.

तिसरं. एक माणूस शिदोरी घेऊन घरातून निघतो, मोठ्या तोऱ्यात.

चौथं. वाट सोपी आहे, तो गात चालला आहे. उज्वला कुसाबाईंच्या मागून ओळ उचलत होती, शाळेतल्या मुलीसारखी.

पाचवं. शिदोरी संपते.

सहावं. तो पडतो. कसा पडतो हे गीतात नाही. नुसतं पडतो, आणि लोक बघतात.

सातवं. तो परत येतो. आतून भांड्यांचा आवाज येतोय, दिवा लागलेला आहे, जेवायची वेळ आहे. आणि तो चपला हातात घेऊन दाराबाहेर उभा राहतो. आत जात नाही.

उज्वलाच्या हातातला डाव थांबला.

कुसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या पातेल्याकडे बघत होत्या.

"ढवळ. थांबलीस तर तळाला लागंल."

तिने ढवळलं. वाफ होती, त्यामुळे डोळे पुसायला कारण होतं. सातवं अर्धवट झालं म्हणून कुसाबाईंनी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं, आणि या वेळी उज्वलाने ते पुरतं म्हटलं.

आठवं. घरधनी स्वतः दिवा घेऊन बाहेर येतो.

नववं. तो त्याचे पाय धुतो. इतका वेळ कुठे होतास, असं विचारत नाही.

दहावं. पाट मांडलेला आहे. ताट मघापासूनच वाढलेलं होतं.

अकरावं आलं, रोजच्या ओळखीचं, जयजयकाराचं. सोळा वर्षं ती ते मोठ्याने म्हणत आली होती. जयजयकार कोण करतंय हे तिला आज कळलं. रस आता भर उकळत होता, बुडबुडे मधोमध येऊन फुटत होते. तिने पातेलं उतरवलं.

"इतकी वर्षं आपण मधलं गाळूनच म्हणतोय," ती म्हणाली.

"वेळ वाचतो ना," कुसाबाई म्हणाल्या.

संतोष गरम बाटल्यांचं घमेलं घेऊन दारात उभा होता. कधीपासून, ते कळलं नाही. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"आई पण सातव्याला थांबायची," तो म्हणाला. "दर वर्षी. मला वाटायचं, तिला दम लागतो."

पवित्र गुरुवारी चर्च नेहमीपेक्षा जास्त भरलं. नऊ बाटल्या कपाटात उभ्या होत्या, आणि ही बातमी सगळ्यांना होती. पाळकसाहेब म्हणाले, आता आपण शांतपणे आपापली पापं प्रभूसमोर मांडू. माना खाली गेल्या. पण कान सगळ्यांचे वेदीमागच्या खोलीकडे. भिमाजीमामांनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. पंखे फिरत होते. काही फुटलं नाही.

तेवढ्यात डाव्या बाजूला कोणीतरी फिसकलं. मग त्याच्या मागचा बाक. मग हसू चर्चभर पसरलं, म्हाताऱ्या खोकत हसल्या, आणि पाळकसाहेबांनी तोंडासमोर प्रार्थनेचं पुस्तक धरलं तरी त्यांचे खांदे सगळ्यांना दिसत होते. त्यांनी कोणाला थांबवलं नाही. हसणं आपोआप ओसरलं तेव्हा ते म्हणाले की आपली कबुली प्रभूने ऐकली आहे, आणि प्रभुभोजनाचं गीत सुरू करायची खूण केली.

शेवटच्या बाकावर उज्वलाही हसली होती. पण तिचा पाय बाकाखाली चपला चाचपत होता. त्या आज तिने आतच आणल्या होत्या.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. दीपमालाताईंनी लॅपटॉपवर बोट दाबलं आणि पडद्यावर शेवटचं कडवं आलं. पुढच्या बाकावरून कुसाबाईंनी मात्र तिसरं धरलं.

चर्च गोंधळलं. अर्धे पडद्याबरोबर, अर्धे गप्प. एका म्हाताऱ्या आवाजाला शेवटच्या बाकावरून दुसरा आवाज मिळाला. चौथ्याला भिमाजीमामांना ओळी आठवल्या, सूर वेगळा असला तरी. पाचव्याला दीपमालाताईंनी पडदा बंद केला. सहाव्याला पेटीवाला चुकायचा थांबला.

सातव्या कडव्यात उज्वलाने चपला बाकाखाली सारल्या आणि ती उठली. आठव्याला ती दोन रांगांच्या मधल्या वाटेवर होती. अनवाणी पायांना फरशी थंड लागत होती. नवव्याला तिने वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकले. ते दुखले नाहीत. दहावं चालू असताना पाळकसाहेबांनी तिच्या तळहातावर छोटा पेला ठेवला.

यंदाचा रंग तेजदार नव्हता. गडद होता, आईंच्या रसासारखा. तिने डोळे मिटले. छत दिसलं नाही.

शेजारी गुडघे टेकलेल्या भिमाजीमामांनी पेला रिकामा केला आणि ओठ पुसले.

"उज्वलाबाई," ते हळूच म्हणाले, "यंदाचा दारूगोळा ओला निघाला."

तिने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, आणि मागच्यांना वाटलं ती रडते आहे.

वेदीमागच्या खोलीतला जुना डाग गळतीचा नाही. तोही रसाचाच आहे, एप्रिल १९७९ मधला. नवसाबाईंना लग्न होऊन तेव्हा पाच महिने झाले होते.