सत्त्याण्णव टक्क्यांचं मांजर

च्यू सूमेईने नेइच्यांगच्या साखर कारखान्यात तंटे मिटवायच्या समितीवर एकोणतीस वर्षं काढली होती. नवराबायकोची भांडणं, सासूसुनांची धुसफूस, सामाईक नळावरच्या हाणामाऱ्या, सगळं तिच्या टेबलापाशी यायचं. समोरचा माणूस खरा रडतोय की नुसते डोळे चोळतोय, हे तिला त्याने खुर्ची ओढायच्या आत कळे. त्यामुळे निवृत्त झाल्यावर, घरातल्या कॉम्प्युटरवर एक मांजर तिच्यापुढे रडायला बसलं, तेव्हा तिला आधी हसूच आलं.

मांजर चित्रातलं होतं. 'वादळी मांजर' नावाचा प्रोग्राम; कॉम्प्युटरचा वेग वाढवतो म्हणे. कुणी आणला, कधी आणला, पत्ता नाही. वेग काही वाढला नव्हता, पण मांजर कोपऱ्यात बसून दिवसभर दुकान मांडायचं. कधी बारीक व्हायचा चहा, कधी टकलावरचं तेल. चेंगदूहून मुलीने, यालिंगने, व्हिडिओवर दोन महिन्यांची नात दाखवली, तर ऐन वेळी तेलाची बाटली त्या पोरीच्या तोंडावर येऊन उभी राहिली. सूमेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने ते काढायला घेतलं. लगेच एक खिडकी उघडली. मांजराच्या खांद्यावर गाठोडं, डोळ्यांत टपोरे थेंब. 'मालक, माझं काय चुकलं?' खाली मोठं हिरवं बटण: 'चुकलं माझं, तू राहा.' आणि त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत: 'मन दगडाचं करून हाकला.'

"याच्यापेक्षा वजनकाट्यावरचा फेंग बरा रडायचा," सूमेई म्हणाली. "आणि तो तर बायकोला मारून यायचा."

मागे वर्तमानपत्र वाचत बसलेला तिचा नवरा थान बिंगखुन, ज्याला सगळे लाओ थान म्हणत, हळूच म्हणाला, "कोपऱ्यातच तर बसतं बिचारं. काय खातंय तुझं?"

सूमेईने मन दगडाचं केलं. मांजर गाठोडं घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मांजर हजर होतं. वर सोबतीला एक कॅलेंडर आणि बातम्या ओरडणारा एक पोपट. सूमेईने औषधाच्या बाटल्या वाचायचं भिंग आणलं, पुन्हा हाकलायची खिडकी उघडली, आणि तेव्हा कुठे दिसलं: कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यात आधीपासूनच खूण केलेली होती. 'मी जातो, पण माझ्या भावंडांना आसरा द्या.' तिने ती खूण पुसली. तिघांना एकेक करून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मांजर. तिने यालिंगला फोन लावला.

"आई, काही प्रोग्राम जळवेसारखे असतात," यालिंग म्हणाली. "वरून काढलं तरी तोंड आत राहतं. मी सांगते तसं कर." तिने कॉम्प्युटर कसा बंद करायचा, कुठलं बटण दाबत पुन्हा सुरू करायचा, कुठल्या कप्प्यात काय खोडायचं, सगळं सांगितलं. सूमेईने वहीत उतरवून घेतलं आणि अख्खी दुपार त्यात घातली. संध्याकाळी पडदा धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ होता.

चौथ्या दिवशी ती बाजारातून आली, तर मांजर शेपूट हलवत होतं.

आता मात्र ती शांत झाली. समितीतही ती चिडली असली तर लोकांना आशा असे. शांत झाली की लोक घाबरत. तिने इंटरनेटवरून कॉम्प्युटरमध्ये उतरलेल्या फायलींचा कप्पा उघडला. मांजराची फाइल तिथे होती आणि शेजारी वेळ लिहिली होती: सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. कालची नऊ दहा. परवाची नऊ चौदा. नऊ ते साडेनऊ ती रोज भाजीबाजारात असे. जळू असती तर तिने सूमेईच्या पिशवीकडे बघून वेळ ठरवली नसती.

घरात उरला होता एकच जीव. बायकोच्या अर्ध्या वचनात राहणाऱ्याला त्या भागात मऊ कानाचा म्हणतात, आणि लाओ थानचे कान तर सगळ्या चाळीत मऊ. म्हणून तिला जरा आश्चर्यच वाटलं, आणि थोडं कौतुकही.

तिने मांजर पुन्हा हाकललं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली, दोन जिने उतरली, दहा मिनिटं थांबली आणि पाय न वाजवता वर आली. लाओ थान पडद्यात नाक खुपसून बसला होता. पडद्यावर मांजर नाचत होतं.

"लाओ थान."

त्याने मान वळवली नाही. "मटार मिळाले का?"

"नाही. चोर मिळाला."

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग एकदम सगळंच बोलला. रोज कॉम्प्युटर सुरू झाला की मांजर एक आकडा सांगे: आज आपण देशातल्या इतक्या टक्के कॉम्प्युटरना वेगात हरवलंत. नदीकाठच्या चहाच्या दुकानात कारखान्याची जुनी मंडळी जमली की पहिल्या घोटाबरोबर विचारणा होई, आज किती? लाओ थानचे बासष्ट होते. ते वाढवायला त्याने तिने हाकललेला पोपटही परत आणला, तर अडतीसवर आले.

"आणि लाओ ख्वांगचे रोज सत्त्याण्णव," तो म्हणाला. "रोज. बशी खाली ठेवतो आणि सांगतो. बॉयलरवर होतो तेव्हापासून हा असाच आहे."

"अरे, मांजर काढलं की आपला कॉम्प्युटर पळतो. तूच बघितलंस."

"पळतो गं. पण कितीने पळतो, ते मला कोण सांगणार?"

सूमेईने हसू दाबलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बरणीतला मुरलेला मुळा वाटीत काढला आणि लाओ ख्वांगच्या घरी गेली. त्याचा कॉम्प्युटर यांच्या कॉम्प्युटरबरोबरच, त्याच दुकानातून घेतलेला होता, हे ती विसरली नव्हती.

"वहिनी, तुम्ही? या, या," लाओ ख्वांग म्हणाला. बायको बहिणीकडे गेली होती.

"तुमचं मांजर बघायला आले. लावा जरा."

"आत्ता? व्होल्टेज जरा…"

"लावा."

त्याने लावला. चहा झाला, चहा पिऊन झाला, मुळ्याचे दोन तुकडे खाऊन झाले, तेव्हा पडदा उजळला. मांजर आलं, पोपट आला, दोन पेले भरून जुगाराचे फासे आले, एक ससा आला. शेवटी मांजराने पाटी वर धरली: 'आज आपण तीन टक्के कॉम्प्युटरना हरवलंत. जोर लावा, मालक.'

लाओ ख्वांग मुळ्याकडे बघत राहिला. "सत्त्याण्णव टक्के पुढे आहेत की," तो म्हणाला. "मी नुसता आकडा सांगतो. कोण पुढे, कोण मागे, हे आजवर कुणी विचारलं नाही."

आता सूमेईला आवरेना. पदर नव्हता, म्हणून तिने वाटीचं झाकण तोंडावर धरलं.

"लाओ थानला सांगू नका, वहिनी."

"एकोणतीस वर्षांत या तोंडातून काही बाहेर गेलंय? पण आत्ताच्या आत्ता हे सगळं हाकलायचं. तुमच्या हाताने."

अकरा निघाले. एकेक जण रडला, पाया पडला, भावंडांची आण घालून गेला. ससा आला तेव्हा लाओ ख्वांगचं बोट अडलं. "हा राहू दे. रोज नाव घेऊन नमस्कार करतो."

"बायको नाव घेत नाही का?"

"घेते. पण नमस्कार नाही करत."

ससाही गेला. तरी पुन्हा सुरू केल्यावर मांजर परत. इथे लाओ थान नव्हता, म्हणजे ही जळू खरी होती. सूमेईने वही उघडली आणि चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी भिंग लावून वाचली. प्रत्येक चाळीच्या भांडणात एक जण असा असतो, जो कधीच ओरडत नाही. तिने तोच शोधला. त्याला चित्र नव्हतं, धड नावही नव्हतं, नुसती चार वेडीवाकडी अक्षरं. खोडायला गेली तर म्हणे, वापरात आहे, खोडता येणार नाही. तिने आधी त्याचं काम बंद पाडलं आणि मग खोडलं. त्यानंतर मांजराला परत बोलवायला कुणी उरलं नाही.

घरी येऊन ती लाओ थानला एवढंच म्हणाली, "लाओ ख्वांगने मांजर काढून टाकलं. त्याच्या घरी आता आकडा नाही."

लाओ थानने विचार केला. "उतरत असणार त्याचे. अब्रू जायच्या आत काढलं," तो म्हणाला, आणि करड्या बटणावर स्वतःच बोट आपटलं. मांजराच्या डोळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

दहा दिवस नातीचं तोंड टकलाच्या तेलाविना दिसलं. अकराव्या दिवशी भाजीबाजारात ख्वांगची बायको भेटली आणि तिने सूमेईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. सूमेई मटार न घेताच घरी आली.

तासाभराने लाओ थान चहाच्या दुकानातून आला आणि खण उपसायला लागला.

"काय शोधतोयस?"

"ब्लडप्रेशरचं मशीन कुठंय? लाओ ख्वांगचं आज एकशे अठरा आलं म्हणे. वरचं."

मशीन त्याला तिसऱ्या खणात सापडलं. त्याने पट्टा दंडाला बांधला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"सूमेई, हे लागत नाही."

"सेल संपले असतील," सूमेई म्हणाली आणि मिरच्या परतत राहिली. एप्रनच्या खिशातले दोन सेल एकमेकांवर वाजू नयेत म्हणून तिने डाव्या हाताने खिसा दाबून धरला होता.