एक घर, एक मेल

माझ्या युक्त्या फुकट असतात, म्हणून लोकांना त्यांची किंमत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. अमरावतीत राजापेठेत मी आधी टायपिंगचा आणि मग कम्प्युटरचा क्लास चालवला. गाव मला बंडू सर म्हणून ओळखतं. क्लास बंद झाला तरी माझं शिकवणं काही बंद झालं नाही. रोज सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर ‘आजची युक्ती’ टाकतो. बॅटरी कशी टिकवायची, अक्षर मोठं कसं करायचं, असलं काहीबाही. ग्रुपात चारशेच्या वर माणसं आहेत. त्यातली निम्मी युक्ती वाचत नाहीत आणि दुपारी फोन करून तेच विचारतात. मी ओरडतो आणि मग सगळं पहिल्यापासून सांगतो. रमा म्हणायची, ‘‘तुमाले कोणी विचारलं नाही त अन्न गोड लागणार नाही.’’

म्हणायची, असं लिहितोय, कारण माझी बायको आता बोलू शकत नाही.

माझी सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे ‘एक घर, एक मेल’. लोक पासवर्ड विसरतात. प्रत्येकाचा वेगळा मेल, वेगळा पासवर्ड, मग तो कुठल्यातरी कॅलेंडरच्या मागे लिहिलेला, आणि कॅलेंडर रद्दीत गेलेलं. त्यापेक्षा घरातल्या सगळ्या फोनांत एकच मेल टाकायचा. पासवर्ड एक, फोटो सगळ्यांचे एका जागी, सगळ्यांना दिसतात. माझ्या, रमाच्या आणि अकोल्याला दिलेल्या आमच्या चारुताच्या फोनात माझाच मेल होता. गेल्या दिवाळीत चारुताच्या सासूबाईंनी, इंदूबाईंनी नवा फोन घेतला, तेव्हा त्यांच्याही फोनात मी तोच टाकून दिला. ‘‘इवाईबुवा, तुमच्या घरचं लाइट बिल माह्या फोनात कावून दिसून राहिलं?’’ असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. ‘‘दिसू द्या की, भरायला थोडंच सांगतोय,’’ असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

रमाचा आवाज बसला तो श्रावणात. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा तिनेच म्हणायचा, हे ठरलेलं. तिला न विचारता लोक बारशाची तारीखसुद्धा ठरवत नसत. त्यामुळे आधी आम्हाला वाटलं, घसा ताणला असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास चालेल, जीव वाचेल. बोलणं मात्र संपलं. ऑपरेशनला नऊ दिवस होते आणि चारुताला सातवा लागला होता.

घरी आल्यावर रमा दोन तास देवघरात बसून राहिली. बाहेर आली ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘मले माह्या नातवासाठी बोलून ठेवायचं आहे. नात असली त नातीसाठी. फोनात कसं भरायचं ते सांगा.’’

आता नुसता आवाज भरला तर तो आपोआप वर चढत नाही, फोन हरवला की गेला. व्हिडिओ मात्र आपोआप मेलच्या खात्यात जाऊन बसतो. म्हणून मी म्हटलं, व्हिडिओच कर. ती म्हणाली, ‘‘हे सुकलेलं तोंड लेकराले नाही दाखवायचं मले.’’ मग तोड मीच काढली. मोबाइल टेबलावर उताणा ठेवायचा. कॅमेरा टेबलाला चिकटतो, चित्र काळं येतं, आवाज मात्र स्वच्छ. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं त्या दिवशी.

आठ दिवस ती दार लावून बोलत होती. पाळणा म्हटला, गोष्टी सांगितल्या, चारुता लहानपणी काय काय बोलायची ते सांगितलं. हे मला तिने जेवताना सांगितलं म्हणून माहीत. मी बाहेर बसायचो आणि दार उघडलं की एकच प्रश्न विचारायचो, ‘‘वर चढला का?’’ एकूण एक्केचाळीस व्हिडिओ झाले. शेवटचा ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा, चार मिनिटं सोळा सेकंदांचा. तो चढल्यावर मी रमाच्या फोनातले सगळे मूळ व्हिडिओ काढून टाकले, कारण फोन भरला होता आणि वर तर सगळं सुरक्षित होतं. हीसुद्धा माझीच एक युक्ती, क्रमांक बासष्ट.

ऑपरेशन नीट झालं. रमा घरी आली. गळ्यावर पांढरं फडकं बांधून ती घरात वावरू लागली आणि काही सांगायचं असलं की मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवू लागली. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे टक लावून बघत बसायची. तिला पाणी हवं असेल असं वाटून मी उठून पेला आणून द्यायचो. ती एक घोट घ्यायची आणि पेला खाली ठेवायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आमच्या घरची ही अशी तऱ्हा, म्हणून ते अकोल्यालाच झालं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं आणि रमाने मला लिहून दाखवलं, ‘‘पाळणा मीच म्हणणार. तुम्ही फक्त लावायचा.’’ दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली होती. चारुताला तिने आधीच बजावलं होतं की बारशापर्यंत ऐकायचं नाही. चारुताने तरी एक लावून पाहिला होता. ‘‘चारू’’ एवढी हाक ऐकली आणि रडू आवरेना म्हणून बंद केला, असं ती मला फोनवर म्हणाली होती. बाकी बारशालाच ऐकू, म्हणाली.

त्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा रमाने पर्समधून आरसा काढून गळ्याचं फडकं सारखं केलं. लेकीच्या सासरी बारशाला जाणारी बाई जशी नटते तशी ती नटली होती. नवीन फडकं तिने साडीच्या रंगाचं शिवून घेतलं होतं.

इंदूबाई दारातच भेटल्या. शेताभाताचं माणूस, मनात काही ठेवायचं नाही. माझ्या हातातली पिशवी ओढून घेत म्हणाल्या, ‘‘या इवाईबुवा! तुमची ते युक्ती केली म्या काल. तीन दिवसापासून फोन वरडून राहिला होता, जागा नाही, जागा नाही म्हणून. आता कसा पळून राहिला!’’

‘‘शाब्बास,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या चारशे लोकांत तुम्ही एकट्याच वाचता.’’

खरंच, मनापासून म्हटलं मी ते. आत गेलो, चहा घेतला. बैठकीत पाळणा बांधला होता, झेंडूच्या माळा लावल्या होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता. जावई नितेशने मोठा स्पीकर आणून ठेवला होता. अकराच्या सुमाराला बाया जमल्या. बाळ पाळण्यात ठेवलं. रमाने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. लावा.

मी मोबाइल उघडला. व्हिडिओ नव्हते.

मी यादी वर सरकवली, खाली सरकवली. ऑगस्ट, सप्टेंबर. लाइट बिल होतं, गॅसची पावती होती, एक्केचाळीसमधला एकही नव्हता. बाया कुजबुजायला लागल्या. मी चारुताचा फोन मागितला, रमाचा मागितला. तिन्हीकडे तेच, आणि ते असणारच होतं, कारण मेल एकच होता, एकीकडून उडवलं की सगळीकडून जातं. मग माझ्या डोक्यात इंदूबाईंचं बोलणं परत वाजलं.

‘‘इंदूबाई, काल तुम्ही काय काय काढलंत?’’

‘‘तुमी सांगतलं तेच,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि फोनवर माझीच युक्ती काढून मला वाचून दाखवली. शब्द माझे होते. ‘जागा संपली? सगळ्यात आधी खिशात चुकून सुरू झालेले काळेकुट्ट व्हिडिओ उडवा. ते कुणाच्याच कामाचे नसतात. मग कचरापेटी रिकामी करा. ही दुसरी पायरी लोक विसरतात.’

‘‘म्या नाही इसरली,’’ इंदूबाई म्हणाल्या. ‘‘काये काये व्हिडिओ लय होते ना, एका लाइनीत. आज बारशाचे फोटो काढाले जागा पाहिजे म्हणून...’’ बोलता बोलता त्यांनी चारुताच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. ‘‘कावून? काय होतं त्याच्यात?’’

बारा दिवसांची बाळंतीण मटकन खाली बसली. रमाने दोरी सोडली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं होतं. रडतानाही तिला आता आवाज येत नाही. इंदूबाईंना कोणीतरी कानात सांगितलं, तशा त्या स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागल्या. मी त्यांचे हात धरले. त्यांचा काय दोष? त्यांनी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

नितेश मला गाडीवर बसवून बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार किशोर मला बघताच उठून पाया पडला. माझ्याच क्लासचा निघाला, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. त्याने चारही फोन पाहिले, कम्प्युटरवर मेल उघडून पाहिला, कंपनीला अर्ज पाठवला. अर्धा तास त्याने सोडलं नाही.

‘‘सर, पेटी रिकामी केली ना,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘अर्जानं काही होणार नाही, तुमाले माहीतच आहे. फोनात मूळ राहिले असते त निघाले असते.’’

‘‘ते मी काढले.’’

‘‘आन् मेल सगळ्याइचा एकच.’’

‘‘हो.’’

‘‘तुमीच शिकवलं होतं ना ते आमाले. एक घर, एक मेल.’’ त्याला मला टोचायचं नव्हतं, तो कौतुकानेच बोलत होता. ‘‘मी त सगळ्या गिऱ्हाइकाले तसंच करून देतो, सर. कटकटच नाही राहत.’’

किती घरं झाली असतील, हे मी त्याला विचारलं नाही. ‘‘आता नको करत जाऊस,’’ एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली, पण त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला.

आम्ही परत आलो तोवर बारसं उरकलं होतं. मुहूर्त टळू नये म्हणून शेजारच्या माणिकबाईंनी पाळणा म्हटला होता. आत्याने कानात नाव सांगितलं होतं. बाया घुगऱ्या घेऊन निघून गेल्या होत्या. चारुता बाळाला पाजत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी ‘‘चारू’’ म्हटलं, तर तिने नुसता हात वर केला, नको म्हणून.

रमा मागच्या अंगणात नळाजवळच्या ओट्यावर एकटी बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिने मोबाइल काढला, लिहिलं आणि माझ्यापुढे धरला.

‘‘गेले ना सगळे?’’

मी मान हलवली. तिने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी तिचं बोट सारखं थांबत होतं.

‘‘शेवटचा तुमच्यासाठी होता. तो तरी ऐकला ना?’’

मी ते दोनदा वाचलं. चार मिनिटं सोळा सेकंद. चढला की नाही ते मी पाहिलं होतं. किती जागा व्यापतो ते पाहिलं होतं. अडीच महिने तो माझ्या खिशात होता. वेळ नव्हता असं नाही, रिकामाच तर असतो मी. पण एकदा सुरक्षित आहे म्हटल्यावर माझ्या लेखी ते काम संपलं होतं. एक्केचाळीसमधला एकही मी लावून पाहिला नव्हता.

‘‘नाही ऐकला,’’ मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, रोज संध्याकाळी बघायची तशीच. आणि मग मला समजलं की त्या व्हिडिओत तिने मला काहीतरी विचारलं असणार, आणि ही बाई अडीच महिने माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी तिला पाण्याचे पेले आणून देत होतो.

‘‘काय म्हणाली होतीस, रमा? लिही ना. आता लिही.’’

तिने मोबाइल जवळ घेतला. बराच वेळ लिहीत होती, तीन-चार ओळी तरी झाल्या असतील. मी मान वळवून बघायला गेलो तेव्हा ती मागून एकेक अक्षर पुसत होती. सगळं पुसून झाल्यावर तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि आत नातीकडे गेली.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. वाटेत मी तिला दोनदा विचारलं, पाणी पाहिजे का. दोन्ही वेळा तिने नको म्हणून मान हलवली.