निळ्या चौकड्यांचा शर्ट

आमच्या सुनेला रीतभात नाही. नवऱ्याचं सोळाव्या दिवसाचं कार्य व्हायचंय, घरात सुतक, आणि ही बया मेलेल्या नवऱ्याचा शर्ट साडीवर चढवून माशांच्या खोलीत बसते. माझ्या इळंगोचे सगळे कपडे मी रीतीप्रमाणं धोब्याला देऊन टाकायला गाठोड्यात बांधले होते. हिनं गाठ सोडून नेमका निळ्या चौकड्यांचा उपसला. घामाचा, न धुतलेला.

कोळत्तूरच्या आमच्या गल्लीत घरोघरी शोभेचे मासे पोसतात. पहिली टाकी मी मांडली, मग बाकीच्यांना अक्कल आली. इथं सुतकातलं माणूस अंड्यांजवळ जात नाही. अंडी पांढरी पडून नासतात. ते काम शेजारीण करते. म्हणून मी अमुदाला बोलावलं. तिच्याकडं एंजल मासे. अंडी काढून औषधाच्या पाण्यात ठेवायची तिला सवय.

आमची जोडी डिस्कस माशांची, इळंगोनं जुळवलेली. दर खेपेला नर अंडी खाऊन टाकायचा. "अम्मा, एकदा तरी हिची पिल्लं बघायचीत गं," म्हणायचा. नाही बघितली. लॉरीखाली गेला पोरगा, आणि त्याच आठवड्यात मादीनं टाकीतल्या मातीच्या सुळक्यावर पुन्हा अंडी घातली.

अमुदा सुळका उचलायला गेली, तर सून आडवी आली.

"अक्का, हात नका लावू. यांची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकटा खाऊन जगतात. वेगळी केली की मेली."

"मी काय काल मासे बघितले?" अमुदा फणकारली. "आणि हा काय अवतार, तेन्मोळी? नाटकात निघालीस?"

"काढ तो शर्ट," मी म्हटलं. "लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत, अत्तै. परकं माणूस दिसलं की नर बिथरतो, अंडी खातो. या शर्टाला तो ओळखतो. ते रोज हाच घालून बसायचे ना."

"अगं, तो गेला!"

"माशांना कुठं माहीत आहे?"

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे. अर्धं तसंच परत यायचं.

सोळाव्याच्या सकाळी धोबी आला. शर्ट अंगावरून ओरबाडून आणायचा, म्हणून मी खोलीचं दार ढकललं.

आत पाठमोरा इळंगो बसला होता. खांद्याशी तीच उसवलेली शिवण. शिवून देते म्हणता म्हणता माझ्याकडून राहिलेली.

ती वळली नाही. नुसती सरकली, मला जागा दिली. काचेमागं ताटलीएवढे दोन मासे. मादीच्या अंगभर बारीक पिल्लं, धुरळा बसावा तशी, लुचत होती. तिनं अंग झटकलं, तशी सगळी बापाकडं धावली. बाप हलला नाही.

"जगली, अत्तै," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. बाहीनं डोळे पुसायला गेली, आणि बाही भिजेल म्हणून हात तसाच धरून राहिली.

बाहेरून धोब्यानं हाक दिली. मी ओरडून सांगितलं, गाठोडं ओट्यावर आहे, उचल आणि जा. मग पदराचं टोक तिच्या हातात दिलं.

"निर्लज्ज आहेस तू," मी म्हटलं. "अशीच राहा. आणि तो शर्ट धुऊ नकोस."