थांब्यावरचं बाक

सरकारने माळावर एक नवं शहर वसवलं, नवनवे शोध लागावेत म्हणून. औषधवाल्यांचा मनोरा वेगळा, कापडवाल्यांचा वेगळा, यंत्रवाल्यांचा तिसराच. ज्याच्या त्याच्या कार्डाने ज्याचं त्याचंच दार उघडायचं. शोध लावायचे तर माणसांनी एकमेकांशी बोलायला हवं, हेही कुणाला तरी सुचलं होतं. म्हणून मधोमध काचेचं 'संवाद दालन' उभं केलं. मात्र तिथे बसायचं तर कुणाशी आणि काय बोलणार याचा अर्ज आधी द्यावा लागे. त्यामुळे दालन अगदी लख्ख राहिलं.

ताई मात्र या शहराला कुणाला नावं ठेवू द्यायची नाही. धाकट्या भावाची ताई, म्हणून सगळ्यांचीच ताई. ती कृत्रिम पाय बनवायची. भावाचा पहिला पाय तिने एका गॅरेजच्या कोपऱ्यात बसून घडवला होता. इथे ना ओळख ना वशिला, तरी तिला वर्षभरासाठी खोली मिळाली, यंत्रं मिळाली. "खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं," ती म्हणायची.

घोडं अडलं होतं ते घामाशी. अपघातात भावाचा पाय गुडघ्याखालून गेला होता. उरलेला भाग ज्या वाटीत बसायचा, तिच्या अस्तरात घाम साचून कातडी सोलवटायची. जरा उभा राहिला की बिचारा ओठ चावत बसायला जागा शोधायचा. ताईने रबर बदललं, भोकं पाडली, पण पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वर्ष संपत आलं होतं. अस्तर जमलं नाही तर खोली जाणार होती, आणि भावाच्या काखेत पुन्हा कुबड्या येणार होत्या.

नवं अस्तर घालून बघायला भाऊ रोज तिच्याबरोबर यायचा. घरी परतायला एकच बस, आणि तिला वेळेचं वावडं. थांब्यावर ना सावली ना बाक. एकदा खांबाला टेकून कळवळणाऱ्या भावाला शेजारच्या माणसाने न राहवून विचारलं, "पाय दुखतोय का हो?"

"छे, तो कशाला दुखेल? तो ताईचा आहे. त्याच्या वरचा माझा दुखतो."

माणूस हसला. तो कापडाच्या मनोऱ्यातला. आग विझवणाऱ्यांच्या गणवेशाला आतून लावायचं, अंगावरचा घाम ओढून बाहेर टाकणारं कापड तो विणायचा. बस येईपर्यंत ताईने त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन हजर! त्याच्या कार्डाने तिचं दार उघडेना, आणि दुसऱ्या मनोऱ्यातल्याला सोबत आत न्यायला मनाई, मग मापं थांब्यावरच घेतली. भावाने खांबाला धरून पाय काढला आणि कापडवाल्याने रस्त्यावरच बैठक मारली. बघे जमले. त्यांतल्या एका औषधवालीने कुठली शिवण कातडीला बोचेल ते दाखवलं. तुकडे फसले, पुन्हा विणले. बस रोज उशिरा यायची आणि काम रोज थोडं पुढे सरकायचं.

शेवटी तपासणीला शहराचे मोठे साहेब स्वतः आले. अस्तर उलटंसुलटं करून बघितलं, खूश झाले. "संवाद दालनाचा उपयोग झाला म्हणायचा!"

ताई अडखळली. मिठाला जागायचं की खऱ्याला? "नाही साहेब. तुमची बस उशिरा येते, त्याचा झाला."

साहेबांचा चेहरा पडला. "तक्रारी आल्यात आमच्याकडे. नव्या बस सुरू करतोय, अगदी वेळेवर येतील."

"तक्रार नाही हो, उपकार झाले! तुम्ही बोलावलंत म्हणून मी इथे आले, कापडवाले, औषधवालेही आले. नाहीतर आमची गाठ कुठे पडणार होती? फक्त बसून बोलायला जागा द्यायची राहिली. थांब्यावर एक बाक टाका. माझा भाऊ फार वेळ उभा नाही राहू शकत."

साहेब उठून खिडकीशी गेले. गेली आपली खोली, ताईला वाटलं. मग खिडकीतून थांब्याकडे बघत साहेबांनी विचारलं, "लांब टाकू या ना, ऐसपैस?"

खोली राहिली. बाक आलं, वर छप्परही आलं. आणि बसही आली, चक्क वेळेवर. नवं अस्तर घालून भाऊ पुढे गेला होता. ताई मागून धापा टाकत पोचली. बसचं दार उघडं होतं, चालक भोंगा वाजवत होता. बाकावर कापडवाला, औषधवाली आणि आणखी दोन-चार अनोळखी मंडळी. त्यांच्यासमोर भाऊ हातवारे करत कसलीशी गोष्ट रंगवून सांगत होता.

"अरे, बस आली!"

"जाऊ दे ताई, मागून दुसरी येईल."

बस निघून गेली. कापडवाल्याने सरकून भावाला जागा केली. "बसा की राव."

"कशाला?" भाऊ म्हणाला आणि उभ्याउभ्याच गोष्ट पुढे सांगू लागला.

मग त्याच्यासाठी मागून घेतलेल्या त्या जागेवर ताईच बसली, आणि चारचौघांत मनसोक्त रडली.