ऑर्लेटाचं पहिलं पिस्तूल

ऑर्लेटाला पिस्तुलाची हौस होती म्हणाल, तर छे! चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी सुरू झाली की ही बाई कानांवर उशी दाबून बसायची. कुत्रा आणि बायको एकाच पलंगाखाली, असं तिचा नवरा व्हर्लिन गावभर सांगत फिरायचा. तीच ऑर्लेटा आज नवऱ्याला ओढत डॉयलच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन आली होती आणि खुशाल म्हणत होती, "मला नेमबाजी शिकायचीय. नवशिक्या बाईला झेपेल असं काहीतरी दाखव."

खरं कारण तिच्या पोटात होतं. गव्हाच्या कोठारामागच्या मैदानावर दर शनिवारी मित्रांबरोबर नेमबाजी करायची, मग सगळ्यांनी मिळून गरम बिस्किटं-ग्रेव्ही, म्हणजे मऊ पाव आणि दाट रस्सा, हाणायची, हा व्हर्लिनचा लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. पण संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली. गेल्या हिवाळ्यात वडिलांच्या जुन्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, त्याला मागे ओढता येईना, आणि ती ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. एक मित्र चांगुलपणाने म्हणाला, "आण इकडे, मी ओढून देतो." झालं! त्या दिवसापासून गडी घरी बसला तो बसलाच. शनिवारी खिडकीतून रस्ता बघत राहायचा. "जरा सोपं पिस्तूल घे," म्हटलं की अंगावर यायचा. स्वतःसाठी तो मेला तरी घेणार नव्हता. एरवी धडधाकट माणूस डोळ्यांदेखत असा कोमेजताना तिला बघवेना, म्हणून आपल्या नावाने घेऊन त्याच्या हातात द्यायचं, हे सगळं नाटक.

डॉयलने आधी एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. मूठ गुलाबी. "बायका हेच नेतात, ऑर्लेटाबाई. पर्समध्ये मावतं."

"डॉयल, अक्कल गहाण टाकलीस का रे?" व्हर्लिन गरजला. "जितकं हलकं, तितका झटका जोरात. पहिल्याच बाराला हिचं मनगट उखडेल, आणि ही जन्मात परत हात लावणार नाही. नवशिक्याला जरा वजनदार दे, गोळी लहान दे. एवढंही कळेना तुला?"

कित्येक महिन्यांनी हा आवाज ऐकला होता. ऑर्लेटाला भरूनच आलं. डोळे लपवायला ती घाईघाईने काचेखाली मांडलेल्या सुऱ्या बघू लागली.

डॉयलने ओशाळून दुसरं काढलं, काळं, मध्यम आकाराचं. ऑर्लेटा व्हर्लिनला म्हणाली, "तू ओढून दाखव ना आधी. मला काय कळतंय त्यातलं?"

व्हर्लिनने नळी भिंतीकडे वळवली, स्लाइड धरली आणि जोर लावला. ती हलली, पण मागे आली नाही. त्याने पिस्तूल हळूच खाली ठेवलं. "स्प्रिंग कडक आहे. तुला नाही जमायचं."

"नाहीच जमायचं मला," ती चटकन म्हणाली. "दुसरं दाखव, डॉयल."

मग बावीस बोअरचं, लहान गोळीचं आलं. सबंध पोलादी, हाताला भारी, पण स्लाइड अगदी मऊ. व्हर्लिनने ओढली. खट्! आली की मागे! त्याने पुन्हा ओढली. मग काही गरज नसताना आणखी एकदा. बोट चापापासून लांब, खांदे ताठ, आणि चेहरा असा की ऑर्लेटाला वाटलं, याला इथेच मिठी मारावी.

"हेच!" ती म्हणाली. "बांध रे, डॉयल."

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. "तू हातात तरी धरलंस का?"

ती पर्स उघडून नोटा मोजू लागली.

"चपला घ्यायच्या तर दुकानभर चालून बघतेस. साधं कलिंगड घेताना दुकानदाराला रडवतेस. आणि पिस्तूल हात न लावता?" त्याचा आवाज खाली आला. "कोणासाठी घेतेयस, ऑर्लेटा?"

डॉयलला एकाएकी दुकानाच्या पार टोकाला धूळ दिसली. तो फडकं घेऊन तिकडे पळाला.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तू त्या खिडकीत बसलास की मला घर खायला उठतं. आता चिडायचं तर चीड."

तो आपल्या बोटांकडे बघत उभा राहिला. आता हा तरातरा निघून जाणार, आणि पुन्हा कधी या दुकानाची पायरी चढणार नाही, या भीतीने तिने त्याची बाही घट्ट धरली.

"डॉयल!" त्याने हाक मारली. "आवाज अडवायला कानांवर लावतात ना, त्या जोड्या दोन दे. शनिवारी ही पण येतेय."

"मी? अरे, मला तो आवाज..."

"नाटक कुणी सुरू केलं? मग शीक आता. माझी बोटं आणखी बिघडणार, ऑर्लेटा. एक दिवस हेही ओढवणार नाही. तेव्हा ओढून द्यायला मला दुसरं कुणी नकोय. तू हवीस."

त्याने स्लाइड मागे अडकवून पिस्तूल तिच्या हातात दिलं, नळी भिंतीकडे. "पहिला नियम. कुणीही दिलं तरी रिकामं आहे ना, ते स्वतः बघायचं. मी दिलं तरी बघायचं."

तिने मान वाकवून आत पाहिलं. डोळे इतके भरले होते की नळी कुठली आणि गोळीची जागा कुठली, काही कळेना.

"नीट दिसत नाहीये रे," ती म्हणाली.

"मग थांबू," व्हर्लिन म्हणाला. "दिसेपर्यंत थांबू. घाई कसलीय?"