हिला फूल यायच्या आत

न्हाणीच्या कडेला जे सुकत चाललेलं झुडूप दिसतंय ना, ती मी. नाक मुरडू नका. एके काळी माझं एकेक पान माणसाच्या हाताएवढं लांब होतं आणि पानांच्या मधल्या खोलगट पोटात घागरभर पाणी राहायचं. उगाच फुशारकी मारायचा माझा स्वभाव नाही, पण खरं ते सांगायलाच हवं.

आमचं मूळ ब्राझील नावाच्या देशातलं म्हणे. मी तो कुठला पाहणार! माझा जन्म पुण्याच्या एका गोऱ्या साहेबाच्या बागेतला. आमच्या जातीला फूल जन्मात एकदाच येतं, सहा-सात वर्षांनी. ते फुललं की आई सुकते आणि बुडाशी पिल्लू ठेवून जाते. मी असंच एक पिल्लू. साहेबाच्या बंगल्यावर सयाजी नावाचा पलटणीतला शिपाई होता. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मडमेनं मला त्याच्या हातात ठेवलं. १९४१ सालची गोष्ट.

ओल्या फडक्यात गुंडाळून सयाजीनं मला कोरेगावजवळच्या त्याच्या मळ्यात आणलं. त्याची आई अंबूबाई. मला बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आरं, लोक बायकूला लुगडं आणत्यात. तू ही इलायती केतकी कशापायी आणलीस?"

"आये, हिला तांबडालाल तुरा येतो. माणसापरास उंच!"

"कवा?"

"सा-सात वर्सांनी."

"आगं बया! तवर मी जगले तर बघीन." सगळे खो खो हसले. नवी नवरी विजयमालासुद्धा, पदराआड.

सयाजीनं मला न्हाणीजवळ आंब्याच्या सावलीत लावलं. रजा संपली. निघताना अंबूबाईचा डोळा खळेना. तेव्हा माझ्या पानावर हात ठेवून तो म्हणाला, "आये, रडतीस कशाला? हिला फूल यायच्या आत मी घरी येतो बघ."

झालं. सहज बोलून गेला पोरगा, आणि मी त्याच्या शब्दाला बांधली गेले.

तो गेल्यावर अंबूबाईनं मला जवळजवळ मारलंच होतं. ती तुळशीला घालतात तसं मुळाशी तांब्यावर तांब्या पाणी ओतायची, आणि पोटातलं पाणी घाण म्हणून पुसून काढायची. माझी मुळं कुजायला लागली. शेवटी विजयमाला हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी सांगितलं हुतं, पाणी पोटात घालायचं." नवऱ्याची गोष्ट सासूसमोर तिनं पहिल्यांदाच तोंडातून काढली होती. लाजून चूर झाली. अंबूबाई मात्र हसली आणि मला पाणी घालायचं काम त्या दिवसापासून सुनेकडे आलं.

त्याची पलटण ब्रह्मदेशात लढाईवर गेली. तिथून पत्रं यायची. सयाजी प्रत्येक पत्रात शेवटी विचारायचा, केतकी केवढी झाली? १९४४ साली सरकारी कागद आला. सयाजीचे चुलते नाथाजी, त्यांनीच तो वाचला. सयाजी लढाईत बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजे मेला न्हवं," अंबूबाई म्हणाली आणि वैरण कापायला निघून गेली.

लढाई संपली. गावातले बाकीचे शिपाई परत आले. कागद येऊन दोन वर्षं झाली तेव्हा नाथाजी खाली मान घालून म्हणाले, "वैनी, दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी दिऊ. पोराला गती नगं का मिळाया?"

अंबूबाई ताडकन उठली. तिच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. चाचपडत माझ्यापाशी आली. "त्यो मला शब्द दिऊन गेलाय. हिला फूल येऊन गेलं आन् त्यो आला न्हाई, तर मीच माज्या हातानं सुनंचं कुंकू पुसीन. तवर ह्या घरात पुतळ्याचं नाव काढायचं न्हाई."

देवा रे! मी एक झुडूप. माझ्या डोक्यावर हा केवढा भार!

तेव्हापासून रोज सकाळी अंबूबाई माझ्या पोटात हात घालून चाचपायची. "अजून न्हाई," म्हणायची आणि हसायची. फूल नसल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

त्याच वर्षी सयाजीच्या पलटणीतला केरबा आला. अंबूबाई उसाच्या फडात होती. विजयमाला न्हाणीपाशी भांडी घासत होती.

"वैनी, कसं सांगू? नदी वलांडताना गोळी लागली. मी त्याला धरला हुता. पाण्यानं हातातनं वढून न्हेला. काकीला सांगायची माजी छाती न्हाई."

विजयमाला एकच तांब्या घासत राहिली. किती वेळ, ते मलाच माहीत. मग म्हणाली, "भावजी, आत्याबाईंस्नी सांगू नगासा. त्या जगायच्या न्हाईत." केरबा गेला. तांब्या विसळून तिनं त्यात पाणी भरलं आणि माझ्या पोटात ओतलं. निम्मं पाणी बाहेर सांडलं.

आणि माझी वेळ भरली. १९४७ चा शिमगा झाला आणि माझ्या पोटात काहीतरी वर सरकू लागलं. मी लय थोपवून धरलं हो! पण येणारं फूल कुणाला आवरलंय? एक दिवस सकाळी अंबूबाई चाचपून गेली आणि संध्याकाळपर्यंत तांबडा कोंब बोटभर वर आला. आधी विजयमालेनं पाहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती विळा घेऊन आली.

"माफ कर बाई," म्हणाली, आणि एका घावात कोंब कापून पाचटाखाली दडवला.

तोच अंबूबाई आली. नेहमीसारखा पोटात हात घातला. बोटं थांबली. खुंट ताजा होता, चिकट होता. जन्मभर वैरण कापलेली बाई ती, विळ्याचा घाव तिला वेगळा सांगायला नको होता. कुणी कापला ते तिला कळलं. आणि का कापला, तेही कळलं. लेक येणार असता तर सुनेनं फुलावर विळा कशाला चालवला असता? तिचा चेहरा मी जवळून पाहिला. तसा चेहरा पुन्हा कुणाचा दिसू नये.

"आत्याबाई?" विजयमालेनं हळूच हाक मारली.

अंबूबाईनं बोटं पदराला पुसली. "काय न्हाई गं. अजून फूल न्हाई." मग हात वर करून सुनेचं कपाळ चाचपलं. "कुंकू इस्कटलंय तुजं. नीट लाव."

त्यानंतर दोघी त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. नाथाजी विचारायचे, "वैनी, फूल?" दोघी एकदम म्हणायच्या, "न्हाई आलं."

कोंब कापला म्हणून माझं मरण टळलं नाही. पानं एकेक करून पिवळी पडली. परवा विजयमालेनं सासूचा हात धरून माझ्या बुडाशी नेला. "आत्याबाई, पिल्लू धरलंय."

अंबूबाईनं त्याची इवली पानं मोजल्यासारखी कुरवाळली. "म्हंजे अजून सात वर्सं हाईत सयाजीला," ती म्हणाली. विजयमालेनं "व्हय" म्हटलं आणि तांब्या पिल्लाच्या पोटात रिता केला.

माझ्यात आता पाणी ठरत नाही. जाता जाता त्या पिल्लालाच सांगते. बाळा, सावकाश वाढ. पाणी भरपूर पी, पण घाई करू नकोस. जमलं तर ह्या दोघी आहेत तोवर फुलूच नकोस.